जोसाइयाच्या बॅगेपेक्षा मोठी

विलियामेदादाला दुसऱ्याचं बरं झालेलं लगेच दिसतं, फक्त सोसत नाही. शेजारच्या नीरफणसाला चार फळं जास्त धरली, की हा आपल्या झाडाशी आठवडाभर बोलत नाही. बाकी माणूस सोन्यासारखा. फिजीतल्या आमच्या सिगातोकाच्या किनाऱ्यावर लग्न करायला जी ऑस्ट्रेलियन जोडपी येतात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या भिंतीवर आज याने काढलेले फोटो असतील.

कॅमेरा मात्र तो ठेवायचा मासेवाल्याच्या निळ्या बर्फपेटीत. वाळू शिरत नाही, खारा वारा लागत नाही, नवरदेव ताडमाड असला तर पेटीवर चढून उभं राहता येतं. त्रास एवढाच, की पाहुणे थंड बिअर मागायला यायचे. एका नवरीच्या बापाने भाषण चालू असताना हळूच झाकण उघडलं, आणि आत लेन्स बघून तो इतका खट्टू झाला की पुढच्या सगळ्या फोटोंत तसाच दिसतो.

तरी धंदा बरा चालला होता. मग राजधानी सुवाहून जोसाइया आला.

पोरगा सडपातळ, बोलायला मऊ. हेसुद्धा दादाने माफ केलं असतं. पण त्याच्या पाठीवर काळी बॅग होती. एका अंगाची चेन ओढली की लेन्स हातात, दुसऱ्या अंगाची ओढली की दुसरा कॅमेरा. हॉटेलात लग्नांचं बघणारी मेरेओनी एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाली, "विलियामे, नवरीची आई विचारत होती, पेटीतले मासे कधी वाढणार? जरा जोसाइयाकडे बघ. कसा फोटोग्राफर वाटतो!"

संध्याकाळी दादा आमच्या दुकानात आला. बाजारासमोर माझ्या मामाचं बॅगांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचं दुखणं ऐकून घेणं, हे तिथलं माझं मुख्य काम.

"वाटतो म्हणे," तो म्हणाला. "रवनील, मी आहे. तो वाटतो."

"मग झालं तर."

"झालं काय? सालोतेचं ऐकलंस का?"

सालोते म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. तिचं लग्न त्यांच्या गावातच, नदीच्या वरच्या अंगाला ठरलं होतं. बाप्तिस्म्यापासूनचे तिचे सगळे फोटो दादाचे. आणि आता तिने फोनवर सांगितलं होतं, "काका, तुम्ही दोघंही या. एकाने सकाळपासून माझ्याबरोबर घरी थांबायचं, दुसऱ्याने चर्चपाशी पाहुण्यांचे फोटो काढायचे. कोण कुठे, ते त्या दिवशी बघू."

"बघू म्हणाली! सख्ख्या काकाला बघू!" दादाने काउंटरवर हात आपटला. "घरापासून झाडाच्या सालीचं मासीचं कापड अंथरणार, त्यावर पोर पहिलं पाऊल टाकणार, आणि तो फोटो त्या सुवावाल्याने काढायचा? मी बाहेर काय, नवऱ्याच्या मावश्या मोजत बसू?"

"तुलाच ठेवेल रे घरी."

"ठेवेल. आधी त्याच्या बॅगेपेक्षा मोठी दाखव."

मी त्याला एका खांद्यावरची, वरून झाकण असलेली बॅग काढून दिली. लग्नाच्या धावपळीत तीच बरी. पुढे ओढायची, झाकण उचलायचं, लेन्स बदलायची, काही उतरवायची भानगड नाही. दोन कॅमेरे आणि तीन लेन्स अगदी नीट मावल्या असत्या. आतले मऊ कप्पे काढून, हलवून, परत लावून दाखवले. तो ऐकत होता, म्हणजे माझ्या डोक्यावरून मागच्या फळीकडे बघत होता.

"हिला कप्पे किती?"

"पाडशील तेवढे."

"जोसाइयाच्या बॅगेला किती आहेत?"

"मी काय तिच्यात राहतो का दादा?"

"ती वरची काढ."

"ती डोंगरात जाऊन पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची आहे."

"आमचं गाव डोंगरातच आहे. काढ."

पाठीवर चढवली तेव्हा ती त्याच्या डोक्याच्या वर वीतभर गेली. छातीला पट्टा, कमरेला पट्टा, पावसासाठी वेगळं आवरण. आरशात त्याने पुढून पाहिलं, मान मोडेपर्यंत मागून पाहिलं.

"लांबून दिसेल ना?"

"विमानातूनसुद्धा."

घरी गेल्यावर कळलं की सामान तळाशी खुळखुळतंय. अर्धी रिकामी बॅग घेऊन जोसाइयासमोर कसं जायचं? म्हणून वरच्या भागात त्याने टॉवेल कोंबले. लुसियानावहिनी दारातून बघत होती. म्हणाली, "मला कधी एवढं जपून उचललं नाहीस."

लग्नाच्या सकाळी मी दुकानाची व्हॅन काढली. आमंत्रण मलाही होतं. आम्ही गावाच्या वेशीपाशी पोचलो तर जोसाइया नुकताच बसमधून उतरत होता. त्याने टोपी काढली, बॅग पाठीवरून उतरवली, आणि दोन्ही हातांनी पुढे धरून, बाळाला नेतात तशी घेऊन आत निघाला. गावात शिरताना डोक्यावर टोपी आणि खांद्यावर ओझं ठेवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दादा तर त्याच गावात जन्मलेला. पण बर्फपेटी कायम हातातच असायची, तेव्हा हा नियम त्याला कधी आठवावा लागला नव्हता. आणि आज त्याचं सगळं लक्ष पुढे चाललेल्या काळ्या बॅगेवर होतं.

"बघ, बघ," तो मला ढोसून म्हणाला. "माझी बघून स्वतःची लपवतोय. पोटाशी धरलीये!"

"दादा, अरे खांदा..."

"खांदा एकदम ठीक आहे," म्हणत तो चालायला लागलासुद्धा.

मधल्या हिरवळीवरून, गावप्रमुखांच्या दारासमोरून, छाती काढून, सगळे पट्टे आवळून. चटया पसरणाऱ्या बायका थांबल्या. अळकुड्या सोलणारे पुरुष थांबले. दादाला वाटलं, बॅग बघतायत. बघत बॅगच होते.

"विलियामे!" थोरला भाऊ एसाला सभागृहाच्या दारातून ओरडला. "गाढवा, प्रमुखांच्या दारावरून पाठीवर गोणी मिरवत कुठे चाललास?"

दादाने छातीचा पट्टा सोडला. कमरेचा सुटेना. तो ओढतोय, गोल फिरतोय, वरून टॉवेल डोकावतोय, आणि म्हाताऱ्या तोंडावर हात धरून हसतायत. शेवटी जोसाइया धावत आला आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"काका, ही कडी दोन्हीकडून एकदम दाबायची. माझीपण अडायची सुरुवातीला." कट्टकन सुटली. त्याने बॅग उतरवून दोन्ही हातांनी दादाकडे दिली.

"याचा काका मी कधी झालो?" दादा माझ्या कानात फुसफुसला.

एसालाने यांगोनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी आणून त्याच्या हातात खुपसली. "जा, माफी माग. आणि बस तिथे."

माफी लगेच मिळाली. पण यांगोनाचं भांडं समोर आल्यावर मध्येच उठता येत नाही. करवंटी फिरत राहिली, म्हातारे मजेत होते, आणि दर फेरीला कोणीतरी विचारायचं, "विलियामे, त्या बॅगेत बायकोला आणलंस का?" तेवढ्यात सालोतेचा निरोप आला: काकांना म्हणावं, निवांत बसा, जोसाइया आहे इथे.

सभागृहाच्या उघड्या दारातून समोरचं घर दिसत होतं. मासी अंथरली गेली. सालोते उंबऱ्यात आली. जोसाइया वाकला, बॅगेच्या अंगाची चेन ओढली, लेन्स बदलली, कॅमेरा डोळ्याला लावला. तिने पाऊल टाकलं, आणि माझ्या शेजारी दादाचं बोट करवंटीच्या काठावर दाबलं गेलं.

"उजेड मागून आहे," तो म्हणाला. "चेहरा काळा येणार." मग हळूच, "येईल ना रे?"

पुढे चर्चपाशी त्याने मुकाट्याने मावश्यांचे फोटो काढले. चांगले काढले. चर्चमधून बाहेर आल्यावर सालोतेने त्याचा दंड धरला. "काका, या इकडे. माझ्या एकाही फोटोत तुम्ही नाही."

"मीच काढायचो ना ते."

"मग आज उभे राहा."

जोसाइया म्हणाला, "काका, थोडं हसा." दादा हसला नाही. तो फोटो आता त्याच्या घरात पुढच्या खोलीत आहे. येणाऱ्याला तो आवर्जून दाखवतो, "पोट बघ केवढं आलंय. मुद्दाम खालून काढलाय." वहिनी आतून सांगते, "पोट आहेच तेवढं."

मासीवरच्या पावलाचा फोटो मात्र भिंतीवर नाही. सालोतेने तोही मोठा करून दिलाय. परवा मी गेलो तेव्हा दादा तो खिडकीच्या उजेडात धरून, भिंग लावून बसला होता.

"काय करतोस?"

"चूक शोधतोय."

मी वाकून पाहिलं. सालोतेचा चेहरा लख्ख उजळला होता.

"सापडली?"

"अजून नाही," तो भिंग पुसत म्हणाला. "पण असणार."