रिव्हर्सची धून

कॅम्प तीनमधल्या आमच्या गल्लीत जीन्सचे गठ्ठे उतरवणारा एक हमाल आहे. टेम्पो मागे येताना रिव्हर्सची धून वाजली की तो लंगडत भिंतीशी जातो आणि डोळे मिटून टेकतो. ती धून माझ्या सर्वांत आवडत्या जर्मन संगीतकाराची. दिवसभर तिची ही पिपाणी ऐकून कान किटतात, म्हणून मी कीबोर्डचा क्लास खिडकी लावून घेतो.

परवा वैतागून त्याला विचारलं, "काका, या आवाजाने डोकं नाही उठत?"

"माझ्या पायावर टेम्पो आला ना, त्या दिवशी हीच बंद पडलेली," तो म्हणाला. "ज्याने बनवली, मोठा माणूस असणार."

संध्याकाळी तीच धून शिकताना एका मुलीने विचारलं, "सर, हा संगीतकार एवढा ग्रेट का?"

बाहेर गल्लीत टेम्पो मागे येत होता. मी उठून खिडकी उघडली.