ठिपक्यांचे भुंगेरे आणि नाईक दगडू

कामोठ्यात आमच्या बिल्डिंगच्या मागे वीस बाय आठ फुटांची भाजीची बाग आहे. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो, तेव्हा सोसायटीने ही पोस्ट माझ्याकडे दिली. रोज सकाळी सहाला हजर असतो. गेल्या रविवारी वांग्यावर आणि चवळीवर काळ्या ठिपक्यांचे लाल भुंगेरे दिसले. शेजारचे म्हात्रे भाऊ पंप भरूनच आले.

"औषद मारून टाकू. टेन्शन खलास."

"थांबा. यात आपले कोण ते आधी पाहू."

"किड्यांत पन आपले?"

त्यांना काय हसायचं? हा गाढवपणा मीही केला आहे.

तेव्हा मी नवा शिपाई होतो. पोस्ट उंच डोंगरावर. लंगरमागे, म्हणजे फौजी स्वयंपाकघरामागे, कोबी आणि बटाट्याचे वाफे, ताजी भाजी तेवढीच. बाग सांभाळायचा नाईक दगडू, साताऱ्याकडचा. त्याने किडे वेचायला सांगितले. मी दोन्ही वाफ्यांतले ठिपकेवाले झाडून सगळे रॉकेलच्या डब्यात बुडवले आणि छाती काढून रिपोर्ट दिला. पंधरवड्यात कोबीवर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, चढला, गड्डे वाया गेले. बटाट्यावरचे पानं खाणारे होते, पण कोबीवरचे मावा खाणारे ढालकिडेही मीच मारले होते.

दगडू ओरडला नाही. त्याने मला वाफ्याशी बसवलं.

"ठिपकं नको बघूस, लेका. त्यो करतोय काय ते बघ. पान खरवडतोय त्यो दुश्मन. मावा खातोय त्यो आपला."

महिनाभर रोज अर्धा तास हीच ड्यूटी. सगळे मला किडेमास्तर म्हणायचे. फार राग यायचा.

हिवाळ्यात दगडू चार जणांना घेऊन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, गेला. त्यांचा रेडिओ बंद पडला. दुसऱ्या सकाळी सहा दहाला मी एलएमजी मशीनगनवर होतो. सुभेदार साहेबांचा हुकूम साफ होता: पेट्रोल डोंगराच्या धारेवरून परतेल, नाल्याकडून कोणी आलं तर फायर. सहा वीसला नाल्याच्या धुक्यातून चार पांढऱ्या आकृत्या वर येऊ लागल्या. बर्फातले पांढरे कोट आमचेही तसेच, दुश्मनाचेही तसेच.

"थम! कौन आता है?"

वाऱ्यात उत्तर ऐकू आलं नाही.

"फायर क्यों नहीं?" फोनवर साहेब.

बोट ट्रिगरवर होतं. मी त्यांची चाल पाहिली. हल्ल्याला येणारे पसरून, वाकून येतात. हे चौघे दोन-दोनच्या जोडीने, एका ठेक्यात, जपून चालत होते.

"साहब, अपने हैं. कुछ उठाके ला रहे हैं."

"पक्का?"

"पक्का, साहब."

ते जवळ आले. खांद्यावर स्ट्रेचर होतं, त्यावर दगडू. धारेवरचा बर्फ कोसळून तो गेला होता. वाट बुजली म्हणून ते नाल्याने आले.

हे ऐकून म्हात्रे भाऊंनी पंप खाली ठेवला. आम्ही दोघांनी वांग्यावरचे भुंगेरे हातांनी वेचले. चवळीवर मावा होता, तिथल्यांना हात लावला नाही.

त्या चौघांना आता नातवंडं आहेत. दरवर्षी त्या दिवशी त्यांचे फोन येतात. तू जीव वाचवलास, म्हणतात. मी सांगतो, मी नाही रे. खांद्यावरून ज्याला आणत होतात, त्याने वाचवला.