लॅपटॉपातल्या मुंग्या

धनपालएवढा शांत माणूस अख्ख्या कसबा बावड्यात दुसरा दाखवा, मी मिशी उतरवतो. आणि त्याच्या शांतपणानं माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं कशानंच फिरत न्हाय. उभा जन्म त्यानं शेतावरची इंजिनं खोलली. मी जोतीराम, त्याचा शेजारी.

परवा त्यानं पोरीचा जुना लॅपटॉप खोलला. स्नेहलची चार वाजता नोकरीची परीक्षा होती, घरूनच. डिझाइन काढून दाखवायचं, त्याचं सॉफ्टवेअर ह्याच लॅपटॉपात, आणि तो तापून सारखा बंद पडालता. धनपालनं अंगणात बसून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं. निघेल तो स्क्रू चित्रात त्याच्या जागेवर ठेवला. झाकण निघालं आणि आम्ही बघतच राहिलो. पंख्यात मुंग्यांनी घर केलतं. पांढरी अंडी तोंडात धरून सगळ्या सैरावैरा.

"थांब, ब्लोअर आणतो," मी म्हटलं. "एका फुंकरीत साफ!"

"नको जोत्या. पिल्लं हायत त्यांची."

जैनाचं घर! चालताना पायाखाली बघणारी माणसं. उजेडाला कंटाळून त्या आपसूक निघतील म्हणून त्यानं लॅपटॉप उन्हाकडं वळवला, पेरूच्या बुंध्याला त्यांच्यासाठी पीठ टाकलं. निघाल्या की! पण निवांत, वरातीसारख्या. मी ब्लोअर आणून वायर जोडून ठेवलाच.

"आरं लेका, पोरीची नोकरी जाईल!" मी ओरडालतो आणि ह्यो नुसता बसून.

साडेतीन झाले तरी रांग संपेना. स्नेहल दारात उभी, सारखी मोबाईलात वेळ बघत. धनपालनं तिच्याकडं एकदा बघितलं, उठला आणि ब्लोअर उचलला. तोंड पंख्याकडं धरलं, अंगठा बटणावर ठेवला. तेव्हा मलाच 'ठेव खाली' म्हणावंसं वाटलं.

स्नेहलनं त्याचं मनगट धरलं. "असू दे अण्णा."

"परीक्षा हाय बाळ तुझी."

"माझीच हाय न्हवं? मग मी सांगते. जाऊ देत त्यांना."

परीक्षा गेली. तिनं कंपनीला फोन केला, त्यांनी दुसरी वेळ दिली न्हाय. संध्याकाळी पंखा बसवला, लॅपटॉप गारेगार चालला. आता काय उपयोग! मी दोघांवर भडकलो, अजून भडकलेलोच हाय.

त्या संध्याकाळी धनपाल पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. मला वाटलं, नोकरी गेली म्हणून.

"न्हाय रे," तो म्हणाला. "मी बटण दाबणार होतो, जोत्या. खरंच दाबणार होतो."