गावाकडचा दरवाजा

सपकाळे नाना गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नव्या रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षागृहाचा नकाशा दुरुस्त करत होते. वरणगावहून त्यांचा मुलगा बोलत होता. सकाळच्या चहाचे दोन घोट झाले आणि मान कलली, एवढंच तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि पुन्हा फरशा मोजू लागले... याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

नाना निवृत्त मोजणीदार. वेगवान गाडीच्या या स्थानकाची जागा ठरू लागली, तेव्हा आमच्या जळगावच्या ऑफिसनं त्यांना पुन्हा कामावर बोलावलं. ते जमीन मोजायचे, मी संगणकावर नकाशा काढायचे. आमच्याकडे महागडी यंत्रं होती, पण नानांचा भरवसा माणसांच्या पावलांवर. तापीकाठच्या त्या गावात दोन दिवस ते मजूर बायकांच्या मागोमाग केळीच्या बागांपर्यंत चालत गेले. या वयात बायकांच्या मागे फिरता होय, म्हणून मी चेष्टा केली. ते हसले, म्हणाले, तूही चल पोरी, म्हणजे नकाशा खोटा निघायचा नाही. मी गेले नाही. ऊन फार होतं.

गाव एका अंगाला, बागा दुसऱ्या अंगाला आणि मधोमध स्थानक. म्हणून नानांनी नकाशावर पेन्सिलीनं एक तुटक रेघ ओढली: गावाकडून दरवाजा, रुळांखालून वाट, पलीकडे बागा. पारावर कागद पसरून ती रेघ त्यांनी सगळ्यांना दाखवली. तोवर गाव जमीन द्यायला राजी नव्हतं. त्या रेघेवर, खरं तर नानांच्या शब्दावर, संमतीच्या कागदांवर अंगठे उठले. पहिला यमुनाअक्कांचा. मग त्यांनीच आम्हाला कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी वाढली.

पुढे नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. साहेबांनी मला बोलावलं. दरवाजा वाढला की पहारा वाढतो, तपासणी वाढते, ती रेघ काढून टाका, म्हणाले. मी काढली. एक कळ दाबली, झालं. डोळा बरा होऊ दे, मग सांगू, असं म्हणत मी मूग गिळून बसले. डोळा कधीच बरा झाला होता.

स्थानकाभोवती सलग भिंत उभी राहिली तेव्हा अक्का तडक ऑफिसात आल्या. नानांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाना, तुन्हा सबदवर आम्ही अंगठा दिन्हा. आते दरवाजा कोठे शे?"

नानांनी अंतिम नकाशा मागवला. कोपऱ्यातल्या चौकटीत तो काढणाऱ्याचं नाव असतं. त्यांनी तिथं बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

"मन्ही चूक शे, अक्का," एवढंच म्हणाले.

मी तिथंच बसले होते. बोलले नाही. त्यानंतर नाना दर सोमवारी अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. उत्तर ठरलेलं, नोंद घेतली आहे. गावात मात्र ते पुन्हा गेले नाहीत. बायका आता दूरच्या नाक्यावरून वळसा घालून बागेत जातात. काहींनी ते कामच सोडलं.

नानांच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदन कार्यक्रमाला त्या गावातून कोणी आलं नाही. मुलानं मला एक गुंडाळी दिली. नानांचा पहिला नकाशा. प्रत्येक अर्जाआधी गिरवून गिरवून तुटक रेघ सलग झाली होती, दरवाजापाशी कागद फाटला होता. ती घेऊन मी अक्कांकडे गेले, सगळं सांगायचंच असं ठरवून. अक्कांनी फाटल्या जागी बोट फिरवलं.

"मानूस भला व्हता," त्या म्हणाल्या, "पन सबदले खोटा निंघना."

मी मान हलवली... आणि नकाशा गुंडाळला.

ती गुंडाळी माझ्या टेबलामागे उभी आहे. जे तेव्हा बोलायला हवं होतं, ते आज इथं लिहिते आहे. यमुनाअक्कांना वाचता येत नाही.