दुखवट्याचं लुगडं

मिरजगावच्या बनुबाईची लेक पुष्पावती बावीस वर्षांची असल्यापासून नाटकात म्हातारीचीच कामं करी. नायिकेचा चेहरा देवानं तिला दिला नव्हता. पण पांढऱ्या केसांचा टोप घालून ती कमरेत वाकून रंगमंचावर आली, की पुढच्या रांगेतले दांडगे गडीसुद्धा उपरण्यानं डोळे पुसत. ती चाल, ती धाप, बोलता बोलता गुडघा दाबायची ती लकब तिनं आईकडून उचलली होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

आईनं तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. कंपनीत पेटी वाजवणाऱ्या राधाकृष्णाशी पुष्पावतीनं लग्न केलं, त्या दिवशी बनुबाईनं लेकीच्या नावानं अंघोळ केली. त्याला चौदा वर्षं झाली. दर दिवाळीला पुष्पावती पत्र टाकी. उत्तर तिचा भाऊ आसाराम लिही, तेही चोरून.

त्र्याहत्तर साली तिला मुंबईच्या टेलिव्हिजनवर विधवा म्हातारीचं काम मिळालं. बनुबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आसारामबरोबर पुण्याला भाच्याकडे आली होती. नव्या चष्म्यातून तिनं त्या खोक्यात लेक पाहिली. कपाळ मोकळं, पाठ वाकलेली, केस पांढरेफेक.

"आये, सोंग हाय ते," आसाराम म्हणाला. "केस खोटं हायेत."

"केस असतील खोटं. पर ते चालनं? आसं चालनं दुख्खाबिगर येत न्हाई. नवरा गेला तिचा. आन तू मला सांगितलंसुदिक न्हाईस."

तो समजावून थकला. गावी परतल्यावर बनुबाईनं त्याच्या हाती लुगडं देऊन त्याला लेकीला घेऊन यायला धाडलं. विधवा लेकीला माहेरचं लुगडं नेसवल्याशिवाय दुखवटा निघत नाही, ही तिकडची रीत.

कंपनीचा मुक्काम कोपरगावला होता. आसारामनं पिशवीतून लुगडं काढलं, तेव्हा राधाकृष्ण शेजारीच चहा पीत होता.

"दाजी, राग मानू नगा. तुमच्याच दुखवट्याचं हाय."

"पाव्हणं, पोत तरी बरं बघून घेतलंय," राधाकृष्ण हसला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. ती लुगड्याची घडी छातीशी धरून बसली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "जा. पुस कुंकू. नाटकात मला शंभरदा मारलंस, आईसाठी आणखी एकदा."

मिरजगावच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं कपाळ पुसलं, मंगळसूत्र रुमालात बांधलं आणि ते लुगडं नेसून ती घराकडे निघाली.

बनुबाई दारातच उभी होती. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही. चार दिवस तिनं पुष्पावतीला स्वतःच्या ताटात जेवू घातलं, केस विंचरले, लहानपणीच्या नावानं हाक मारली. पुष्पावतीचं मन इतकं भरून आलं, की आपण सोंगात आहोत हे तिला आठवेना.

चौथ्या दिवशी विंचरता विंचरता बनुबाई म्हणाली, "त्यो मेला ते लई ब्येस झालं बघ. म्हनून माझी लेक मला गावली. आता हितंच ऱ्हा."

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं, तर घर तिचं होतं. तिच्या तोंडून तेवढं निघेना. ती उठली, देवळीतली वहिनीची कुंकवाची डबी घेतली आणि बोट कपाळाला लावलं.

"आये, त्यो जित्ता हाय. मला लई जपतो."

बनुबाई त्या कपाळाकडे बघत राहिली. "म्हंजी चार दिस माझ्याम्होरं नाटक केलंस?"

"न्हाई आये. हितं न्हाई केलं."

"माझंच चालनं नेलंस, आन त्येच मला दावून रडवलंस."

म्हातारी भिंतीला धरून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं कडी घातली. पुष्पावती उंबऱ्याशी बसून हाका मारत राहिली. दिवस कलल्यावर आतून आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता.

"आसाराम, त्या पावनीला गाडीत बशिवून ये."