सतरा ठिपके

आमच्या ह्यांनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही. बाथरूममध्ये कोळी दिसला तरी मला हाक मारतात. पण पिस्तुलाचं काडतूस ओळखायचं म्हटलं, की शैलेंद्र खांबेटे म्हणजे अख्ख्या कॅलिफोर्नियात नाव. निदान ह्यांच्या मते. चिप कंपनीत धातू तपासायची नोकरी होती, त्यातून हा नाद लागला. आमच्या सनीव्हेलच्या किचनमध्ये मसाल्याच्या डब्यांशेजारी काडतुसांचे डबे आहेत. आतली दारू काढलेली, म्हणून मी गप्प आहे.

बरं, साधी काडतुसं ह्यांना चालत नाहीत. कंपन्या कधीकाळी चाचणीपुरती मूठभर बनवतात आणि बाजारात आणतच नाहीत, तसली लागतात. त्यांच्यावर ना नाव ना गाव. मग धातू, वजन, बुडावरची खूण बघत त्यांचं कूळ शोधायचं. बावीस वर्षं हे रिनोला काडतुसं जमवणाऱ्यांच्या मेळाव्याला जातात, आणि बावीस वर्षं ते लोक ह्यांना 'शेली' म्हणतात. एकदा तरी त्यांच्या पत्रिकेत आपलं पूर्ण नाव छापून यावं, एवढीच ह्यांची इच्छा. मला हसू येतं, पण खोटं कशाला बोलू, वाईटही वाटतं.

गेल्या वर्षी ह्यांचा तिथला मित्र वॉल्टर एक ॲल्युमिनियमचं काडतूस घेऊन आला. जुन्या सामानात सापडलेलं, बुडाच्या कडेला बारीक ठिपके, कुणालाच ओळखता येईना. "शेली, आता तूच सांग," म्हणाला. झालं. दोन महिने डायनिंग टेबलावर मायक्रोस्कोप आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतोय. ठिपके सतरा निघाले. म्हणजे चाचणीची सतरावी बॅच, असा शोध लागला. तीन पानी लेख झाला, पत्रिकेने घेतला, मेळाव्यात ह्यांचं भाषणही ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी लेखातला फोटो मोठ्या कौतुकाने ओट्याच्या पलीकडून माझ्यापुढे ठेवला. गोल वस्तूला वर-खाली कुठलं असायला? मला तो उलटा दिसला, म्हणजे सुलटा.

"अहो, हा 'नं' आहे."

"कसला नं?"

"नंदातला. मी घातलाय."

मंडळाच्या गणपतीत माझी पातेली दुसऱ्यांच्या घरी जायची, म्हणून मी पुण्याहून भांड्यांवर नावं घालायचं मशीन आणलं होतं. पहिलाच हात चांगल्या पातेल्यावर कसा चालवणार? ह्यांच्या डुप्लिकेटच्या खोक्यातलं एक काडतूस घेऊन आधी त्यावर करून बघितलं. पुढे ते खोकं ह्यांनी न बघताच वॉल्टरला अदलाबदलीत देऊन टाकलं.

रिनोपर्यंतचे चार तास हे गाडी चालवत होते. शेवटी मीच म्हटलं, "नका सांगू. तिथे कुणाला मराठी वाचता येतंय?" मला मनापासून तसं वाटत होतं. छापून आलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं?

"मला येतं ना," हे म्हणाले.

भाषणात ह्यांनी सगळं सांगून टाकलं आणि मला उभं केलं. लोक पोट धरून हसले, मग टाळ्या, मग माझ्यापुढे रांग: आमच्याही काडतुसावर घालून द्या. ह्यांच्याशी बोलायला फक्त वॉल्टर आला, तोही आपलं काडतूस परत न्यायला.

महिन्याने पत्रिका आली. लेख नव्हता. ओळख पटलेल्या काडतुसांच्या यादीत एक नवी ओळ होती: 'नंदा मार्क. ॲल्युमिनियम. एकच नमुना. ओळख पटवली: शेली.'

ह्यांनी ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसला. "तुझं स्पेलिंग बरोबर छापलंय हो," म्हणाले.

मी मशीन काढलं आणि काडतुसांच्या सगळ्यात मोठ्या स्टीलच्या डब्यावर 'शैलेंद्र वामन खांबेटे' असं पूर्ण नाव घातलं, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. हे डबा घेऊन खिडकीपाशी गेले. बराच वेळ हलेनात म्हणून मी बघायला गेले, तर भिंग लावून ठिपके मोजत होते.

"वामनच्या 'म'मध्ये एक कमी पडलाय," म्हणाले, आणि डबा माझ्यापुढे धरला.