वारो नाय गो, आक्के

फोन थरथरला तेव्हा आमची गाडी नदीच्या पुलावर होती. ग्योतोकुच्या घरून कोतोला कामावर जाताना हा एकच तुकडा असा, की तिथे माणसं मोबाइलमधून मान वर काढून बाहेर बघतात. स्क्रीनवर हॉस्पिटलचा नंबर होता. इथे जपानात गाडीत फोनवर बोलत नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. पुढच्या स्टेशनवर उतरले, फलाटाच्या टोकाला गेले आणि मग उलट फोन लावला. नर्सने आधी माफी मागितली, मग सांगितलं. दत्तामामा सकाळीच गेला होता. मी आभार मानले, समोर कोणी नसताना कमरेतून वाकले, ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथे आज येत नाही म्हणून कळवलं आणि उलटी गाडी पकडली. रडू आलं ते त्याच पुलावर, तेही आवाज न करता. मामा असता तर म्हणाला असता, आता तू पुरती जपानी झालीस.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ, आमचा दत्तामामा, शिडाच्या यॉटवर कॅप्टन होता. असं म्हटलं की ग्योतोकुतल्या आमच्या मराठी मंडळींच्या डोळ्यांसमोर पांढरी टोपी, गॉगल आणि हातात थंड पेयाचा ग्लास येई. मामा प्रत्यक्षात यायचा तो गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत, सायकलवर, पाठीला पॉलिशचा वास. देवगडहून निघून मालवाहू जहाजांवर त्याने अर्धी हयात काढली होती. पुढे एका जपानी शाचोने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, त्याला आपल्या यॉटवर ठेवून घेतलं. बोटीचं नाव 'चिदोरी', किनाऱ्यावर तुरुतुरु पळणारा एक छोटा पक्षी. मामा म्हणायचा, नाव अगदी बरोबर ठेवलंय, हा पक्षीही किनारा सोडून लांब जात नाही.

कारण कामच तसं होतं. मालक वर्षातून मोजक्या वेळा येणार, बरोबर पाहुणे, बिअरचे खोके, आणि एखादी आतेबहीण जिला बोट लागते. खाडीतून एक चक्कर, प्रत्येकाचा सुकाणू धरून एक फोटो, उन्हाळ्यात आतषबाजी बघायला एक संध्याकाळ. बाकीचं सगळं वर्ष मामा बोटीचं मीठ उतरवत असे. गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, स्टीलच्या कठड्यांत तोंड दिसेपर्यंत घासायचं, वादळाची सूचना आली की दोर दुप्पट करून रात्र बोटीवरच काढायची. "यॉटचा कॅप्टन म्हणजे बंद बंगल्याचा माळी," तो म्हणे, "फक्त बंगला हलतो." मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. ज्याने भरसमुद्रात जहाजं हाकली, त्याने फडक्याने कठडे पुसावेत! पण त्याला तसं वाटत नव्हतं, कारण त्याच्या मनात एक गोष्ट पक्की होती. शाचोने त्याला शब्द दिला होता, की आपण कामातून मोकळे झालो की चिदोरी घेऊन दोघांनी भारतात जायचं. थेट देवगडला. आणि मामाने तो शब्द तसाच्या तसा माझ्या आईला देऊन टाकला होता.

आई देवगडलाच असते. मामा माझ्याशी शहरी मराठी बोले, पण आईशी बोलताना त्याची जीभ मालवणीत वळायची. रोज संध्याकाळी त्याचा तिला फोन, आणि फोन ठेवताना तिचं रोजचं विचारणं, "निघालंस काय रे?" त्यावर ह्याचं ठरलेलं उत्तर, "वारो नाय गो, आक्के." दोघं हसायची. मग तिने पुढे विचारावं, मग येतलंस कसो, विमानान? आणि त्याने म्हणावं, "विमानान कित्याक? बोटीन येतलंय. तू धक्क्यार उभी ऱ्हव." विमानाने तो अधूनमधून जात असेच, बहिणीच्या हातचं खाऊन येत असे, पण ते जाणं ह्या दोघांच्या हिशेबात धरलेलं नव्हतं. ते नुसतं भेटणं. येणं वेगळं.

इथे प्रत्येकाच्या दाराशी भूकंपाची पिशवी असते. पाणी, टॉर्च, कोरडा खाऊ, धरणी हलली की उचलायची आणि पळायचं. मामाच्या एका खोलीच्या घरातही दाराशी निळ्या कॅनव्हासची पिशवी टांगलेली होती. माझ्या मुलीने, सईने, लहानपणी एकदा कौतुकाने ती उघडली, तर आत पाण्याची बाटली नाही की बिस्किटं नाहीत. पावसाळी कोट, चाकू, दोराचं एक वेटोळं, आमसुलांचा डबा आणि पांढऱ्या कापडी बुटांचा कोरा जोड. सई काळजीत पडली. ती इथेच वाढलेली, तिने जपानीतच विचारलं, "आजोबा, भूकंप झाला तर?" मामा म्हणाला, "तर पळणं आणि निघणं, दोन्ही कामं होतील." आमसुलं तो दर वर्षी बदलायचा, जुनी माझ्या सोलकढीत जात. बूट मात्र तेच. रबरी बुटांत आयुष्य गेलं, निदान देवगडच्या धक्क्यावर उतरताना तरी पायात काहीतरी धड असावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

त्याचे बाकीचे शौक सगळे जमिनीवरचे. मासे पकडायचा त्याला कंटाळा, पोहायची हौस नाही. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून नदीच्या बांधावरून जायचं आणि भाड्याने घेतलेल्या टीचभर वाफ्यात अळू लावायचं, हा त्याचा आनंद. इथले लोक अळूचे कांदे खातात आणि पानं टाकून देतात. शेजारच्या वाफ्यातले ओकामुरा-सान मामापेक्षाही वयस्कर, त्यांच्या वाफ्यातही अळूच. एकदा त्यांची टाकलेली पानं मामाने मागून घेतली, त्यांना वाटलं हा सशांना घालणार. पुढे ठरूनच गेलं. दोन्ही वाफ्यांतली पानं मामाची, दोन्ही वाफ्यांतले कांदे ओकामुरा-सानांचे. पण पहिल्या वर्षी ह्या जपानी अळूचा गुण कोणाला माहीत होता! मंडळाच्या गणपतीला मामाने मोठ्या हौसेने अळूवडी केली, चिंच घरच्या मापाने घातली, आणि हॉलमधली निम्मी मंडळी आरतीला घसा खाजवत उभी राहिली. त्या वर्षीची आरती इतकी खरखरीत झाली की विचारू नका. अध्यक्षांनी फक्त एवढंच म्हटलं, "कॅप्टन, तुम्ही पाण्यातच बरे." पुढच्या वर्षीपासून चिंच दुप्पट झाली आणि वडी मात्र दर गणपतीला मामाचीच ठरली.

शाचो कामातून मोकळे झाले ते थेट आजारीच पडले. मामा दर आठवड्याला त्यांना भेटायला जायचा आणि बोटीचा अहवाल द्यायचा. शिडं उन्हाला दाखवली, इंजिन चालवून बघितलं, कठडे घासले. शाचो डोळे मिटून ऐकायचे. शेवटी शेवटी त्यांना मामाचं नाव आठवत नसे, पण बोटीचं आठवायचं. ते गेले तेव्हा मामा अंत्यविधीला काळ्या सुटात मागच्या रांगेत बसला होता. त्यांच्या दोन्ही मुलांना समुद्राचं वावडं. थोरल्याने मामाला घरी बोलावून, नम्रपणे चहा देऊन सांगितलं, की एवढी जुनी बोट कोणी घ्यायला तयार नाही, मोडीत काढणार. मामाने आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. म्हणाला, मोडूच नका, मी घेऊन जातो, एकटा नेतो. थोरल्याने मान खाली घालून नाही म्हणून सांगितलं. वाटेत तुम्हाला काही झालं तर ते आमच्या वडिलांच्या नावावर येईल. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतं.

मोडीचं आवार खाडीच्या पलीकडे होतं आणि तिथवर बोट मामानेच न्यायची होती. आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला, "येतेस का? एकट्याने न्यायला बरं नाही वाटत." मी सकाळी मरिनावर, यॉट बांधून ठेवतात त्या धक्क्यावर, पोचले तर हा पाण्याचा पाइप घेऊन बोट धूत होता. नुसती वरवर नाही, अगदी नेहमीसारखी. फटी ब्रशने, काचा कागदाने, कठडे तोंड दिसेपर्यंत. मी म्हटलं, "मामा, अरे उद्या कापणार आहेत ना तिला?"

"मग? दुधाचं खोकंसुद्धा तू धुवूनच टाकतेस की."

हे खरं होतं. इथे कचरा धुवून, वाळवून, जातीनुसार वेगळा करून द्यायचा असतो, इथे राहणारी माणसं त्यात जन्म काढतात. मामाने बोटही तशीच तयार केली होती. गाद्या एकीकडे, दोर एकीकडे, भांडी एकीकडे, सगळ्यावर चिठ्ठ्या. एवढं करून झाल्यावर त्याने हात पुसले, आणि मग मला दिसलं की त्याला काय करावं ते कळेनासं झालंय. धुवायला आता काही उरलं नव्हतं.

निघालो तेव्हा उत्तरेचा वारा सुटला होता. थंडीतला, कोरडा, एकसारखा. मला वाऱ्यातलं काही कळत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. "असा वारा लागतो निघायला," तो म्हणाला, "पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखा." शिडं गुंडाळलेलीच होती, नुसत्या इंजिनावर आणा असं सांगणं होतं आणि तो सांगितलेलं मोडणारा नव्हता. खाडीच्या मध्यावर आल्यावर त्याने उजवीकडे, दक्षिणेला पाहिलं. तिकडे खाडीचं तोंड, आणि त्यापुढे मोकळं पाणी. तो बघतच राहिला... त्याचे हात सुकाणूवर होते. मला वाटलं हा आता वळवणार. देवाशप्पथ सांगते, भीती वाटली नाही, मनातून म्हटलं, वळव. सईचा डबा, माझं ऑफिस, नवऱ्याची कावासाकीहून यायची वेळ, सगळं क्षणभर कुठच्या कुठे गेलं. मामाने नाक पुसलं, समोर बघितलं आणि बोट होती तशीच सरळ ठेवली. आवारात पोचल्यावर तिथल्या माणसाच्या हातात दोन्ही हातांनी किल्ली दिली, वाकला, आणि म्हणाला, "हिला सांभाळून घ्या." सवयीने म्हणाला. तो माणूस बिचारा ओशाळला.

त्या संध्याकाळी आईने फोनवर नेहमीचं विचारलं. मामाने नेहमीचंच उत्तर दिलं. बोट गेल्याचं त्याने तिला सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. तिला कळलं होतं असं मला आता वाटतं, कारण त्यानंतर ती 'निघालंस काय' म्हणेनाशी झाली. नुसतं विचारायची, "वारो?" आणि तो म्हणायचा, "नाय."

पुढे सांगण्यासारखं फार नाही. माणसं म्हणाली की आता आराम करा, बाग करा. त्याने वाफा केला, पण अळूला पाणी घालताना तो दुसरीकडेच असायचा. पोटात दुखायचं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त वेदना कमी ठेवण्याचं बोलणं केलं. हॉस्पिटलची खिडकी नदीकडे होती. मी पडदा सरकवायला गेले तर म्हणाला, राहू दे, बंदच बरा. ज्याला मी जन्मभर पाण्याकडे तोंड करून बसलेलं पाहिलं, तो शेवटचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटत होतं, कधीतरी ह्यातून काही धीर देणारं बोलेल, जुन्या माणसांसारखं. नाही बोलला. एकदा फक्त म्हणाला, "आक्केक उगाच उभी केलंय गो मी." माझ्याशी तो एरवी मालवणी बोलत नसे.

त्याला निरोप देताना मी ते पांढरे बूट शवपेटीत ठेवायला नेले होते. तिथल्या माणसाने हळुवारपणे काढून माझ्या हातात परत दिले, तळवे रबरी आहेत, जाळता येत नाहीत. मग आम्ही इथल्या पद्धतीप्रमाणे लांब काड्यांनी, दोघांनी मिळून एकेक अस्थी उचलली, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने माझा नवरा. ओकामुरा-सानही आले होते. त्यांनी अळूच्या पानांची जुडी आणली होती, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. पानं मामाची, हा करार त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मी ती घरी आणली आणि तशीच सुकू दिली. वड्या करणं मला जमलं नाही.

मामाचं घर रिकामं करून दिलं. निळी पिशवी आता आमच्या दाराशी आहे, आमच्या भूकंपाच्या पिशवीशेजारच्या हुकावर. बूट परत तिच्यातच ठेवलेत. पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा घट खाली, चपलांच्या फडताळावर. दुसरीकडे कुठे ठेवावा ते सुचलं नाही. मी आईला विचारलं की सुट्टी काढून अस्थी घेऊन येऊ का, विमानात नेता येतात, कागदपत्रं होतात.  ती म्हणाली, "विमानान हाडां येतली गो. माका हाडां नको." मी तिला समजवायला पाहिजे होतं. समुद्र एकच असतो, इथलं पाणी तिथेच येतं, असलं काहीतरी. पण ती देवगडची आहे, तिला पाण्याबद्दल मी काय सांगणार...

काल संध्याकाळी तिचा फोन आला, मामाच्या वेळेला. सईची परीक्षा, माझा खोकला, तिचा गुडघा, सगळं बोलून झालं. ठेवेल असं वाटलं, पण ठेवला नाही. म्हणाली, "पिशवी खंय आसा?"

"दाराशीच आहे."

"आणि वारो?"

बाल्कनीत कपडे वाळत घातले होते, उत्तरेच्या वाऱ्याने ते चिमट्यांसकट उडायच्या बेतात होते. दाराच्या फटीतून घरभर शीळ वाजत होती. निळी पिशवी हुकावर हलकेच हलत होती.

"नाही गं," मी म्हटलं. "वारा नाही."